शेतवस्तीवर कुत्रा निवडताना: राखण वेगळी आणि शिकार वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरूर तालुक्यातील एक कुटुंब गावठाणातील घर सोडून चार एकरांच्या मळ्यात वस्ती करून राहू लागले आहे. तिन्ही बाजूंना ऊस आहे. दोन गाई, सहा शेळ्या आणि चाळीसएक गावरान कोंबड्या आहेत. घरात पाच आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत. रात्री राखण करील आणि दिवसा ससा, रानडुक्कर, उंदीर-घुशी यांची शिकार करील असा कुत्रा त्यांना हवा आहे. एका ओळखीच्या माणसाने कारवानी या सडपातळ, वेगवान शिकारी जातीचा नऊ महिन्यांचा नर देऊ केला आहे, तर दुसऱ्याने रॉटवायलर या जड परदेशी जातीचे पिल्लू घेण्याचा सल्ला दिला आहे. काय घ्यावे, किती कुत्री ठेवावीत आणि पारख कशी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी भीमा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यातील गावांमध्ये सत्तावीस वर्षे जनावरांचा दवाखाना चालवतो आहे आणि माझी स्वतःची राहणीही मळ्यातच आहे. त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. आपण कारवानीही घेऊ नये आणि रॉटवायलरही घेऊ नये. जवळपासच्या एखाद्या वस्तीवर गुरा-कोंबड्यांमध्ये शांतपणे वावरणाऱ्या गावठी कुत्रीचे एक मादी पिल्लू आता घ्यावे आणि ती दीड-दोन वर्षांची झाली की दुसरे नर पिल्लू आणावे. शिकारीची अपेक्षा उंदीर आणि घुशींपुरतीच ठेवावी. ससा आणि रानडुक्कर या दोन्ही गोष्टी मनातून काढून टाकाव्यात.

राखण आणि शिकार ही दोन कामे एकाच कुत्र्याकडून करून घेण्याची इच्छा जवळजवळ प्रत्येक नवा वस्तीकर बोलून दाखवतो. अडचण अशी की या दोन कामांना लागणारा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. राखण करणाऱ्या कुत्र्याचा सगळा गुण जागा न सोडण्यात असतो. बांधावर काही हलले तर तो उठतो, भुंकतो, चार पावले पुढे जातो आणि पुन्हा गोठ्यापाशी येऊन बसतो. शिकारी कुत्र्याचा गुण नेमका उलटा, म्हणजे काही हलले की जागा सोडून त्याच्यामागे सुटणे हा असतो. त्या क्षणी त्याला हाक ऐकू येत नाही, विहीर दिसत नाही आणि पुढे पळणारा प्राणी ससा आहे की शेजाऱ्याच्या शेळीचे करडू आहे हेही तो पाहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडून रुजवलेला हा स्वभाव शिकवून पुसता येत नाही. चांगला शिकारी कुत्रा वस्ती मोकळी टाकून जाणारच, आणि चांगला राखणदार सशामागे दोन शेते ओलांडून जाणार नाही. दोन्ही कामे थोडी थोडी करणारा कुत्रा मिळतो, पण तो रात्री नेमका कोणत्या वेळी कोणते काम करील हे आपल्या हातात राहत नाही.

कारवानीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याला तो देऊ केलेला आहे आणि मला स्वतःला ही जात फार प्रिय आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पोटाकडे एकदम आत गेलेली कंबर, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, खांद्यापाशी उंची पंचवीस ते एकोणतीस इंच. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. सोलापूर, सांगली, लातूर आणि पलीकडे बागलकोट या पट्ट्यात हे कुत्रे पूर्वीपासून पाळले जातात. मुधोळ संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जाणीवपूर्वक जोपासली, म्हणून मुधोळ हाउंड हे नाव सर्वत्र पसरले. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी पशुवैद्यक विद्यापीठाचे केंद्र आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने या जातीची अधिकृत नोंदही केलेली आहे. जात उत्तमच आहे. मात्र ती मोकळ्या माळासाठी, दूरवरचे पाहून धावण्यासाठी घडलेली आहे. तिन्ही बाजूंना दहा फूट उंच ऊस असलेल्या वस्तीवर तिच्या डोळ्यांना आणि पायांना काम उरत नाही.

हे मला स्वतःच्या चुकीतून कळले. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षे झाली असताना मी एक कारवानी नर आणला होता. मातकट रंगाचा आणि अतिशय देखणा असा तो कुत्रा होता. मी दिवसभर फिरतीवर असल्यामुळे तो साखळीला असे आणि संध्याकाळी मोकळा सुटे. एका संध्याकाळी उसाच्या कडेने ससा उठला आणि तो त्याच्यामागे गेला. ससा वळला, कुत्र्याला वळता आले नाही, आणि तो शेजारच्या मळ्यातील बिनकठड्याच्या विहिरीत पडला. बाजेला चार दोर बांधून ती खाली सोडली आणि त्याला वर काढले, तेव्हा त्याचा पुढचा पाय दोन ठिकाणी मोडलेला होता. पाय जुळून आला, पण तो पुन्हा तसा धावला नाही. दोष त्याचा नव्हता. ज्या प्राण्याला रोज दोन-तीन किलोमीटर मोकळी धाव हवी असते, त्याला मी बारा तास साखळीला बांधले होते आणि नंतर कोणत्याही तयारीविना विहिरींच्या मुलखात मोकळे सोडले होते. आपल्या चार एकरांवर आपल्या हातूनही हेच घडेल, म्हणून हे सविस्तर सांगितले.

शिकारीसंबंधी कायदा काय म्हणतो तेही स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण गावांकडे अजूनही ‘एखादा ससा धरला तर काय होते’ असे सहज बोलले जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे एवढाच नाही. फासे लावणे, पकडणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणे, हाका घालून हुसकावणे, आमिष ठेवणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सर्व त्यात येते. ससा संरक्षित आहे, मुंगूस संरक्षित आहे, तितरही संरक्षित आहे. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत असून तिच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. आपल्या कुत्र्याने आपल्या नकळत एखादा ससा मारणे ही एक गोष्ट झाली. शिकारीसाठी म्हणून कुत्रा पाळणे आणि तो मुद्दाम सोडणे ही मात्र सरळ शिकारच होते. रानडुकरांनी पिकाची नासाडी केली तर वनविभागाकडे अर्ज करून नुकसानभरपाई मागता येते, आणि कायद्यात परवानगी घेऊन बंदोबस्त करण्याचीही तरतूद आहे, पण त्या परवानगीत कुत्री सोडणे बसत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी रानडुकरावर कुत्रा सोडणे हे कुत्र्याच्या दृष्टीने क्रूरपणाचे आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे सुळे पात्यासारखे धारदार असतात आणि तो खालून वर मारतो. पोट फाटून आतडी बाहेर आलेली कुत्री चादरीत गुंडाळून मोटारसायकलवरून माझ्याकडे आणली गेली आहेत. काही वाचली, बरीचशी टाके घालून होण्याच्या आधीच गेली. डुकरांसाठी कुत्र्याचा उपयोग एवढाच आहे की तो दुरूनच भुंकतो, माणूस जागा होतो, आणि माणसाने बॅटरी लावून डबा वाजवला की कळप वळतो.

उंदीर आणि घुशी ही मात्र खरी आणि उपयोगाची शिकार आहे आणि तिच्यासाठी कोणतीही खास जात लागत नाही. लहान बांध्याची, चपळ गावठी कुत्री कणगीभोवती आणि कडब्याच्या गंजीखाली तासन्‌तास टपून बसते. ज्या कुत्रीची आई घुशी धरणारी आहे तिची पिल्लेही बहुधा हे काम आईकडे पाहून उचलतात. एक अट मात्र फार महत्त्वाची आहे: ज्या घरात कुत्रा उंदीर धरतो त्या घरात उंदराचे विष अजिबात ठेवायचे नाही. झिंक फॉस्फाइड खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला की ते विष कुत्र्याच्या पोटातही उतरते, आणि त्यावर उतारा नाही. लवकर उलटी करवणे आणि सलाइन यांवरच सगळा भरवसा असतो. कोंबड्यांचे म्हणाल तर मुंगूस आणि रानमांजर यांच्यापासूनचे संरक्षण कुत्र्यावर सोपवू नये. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, जमिनीत फूटभर गाडलेली तिची कडा आणि वरून बंद छत एवढे केले की तो प्रश्न कायमचा मिटतो.

आता राखणीकडे येतो. आपला भाग जुन्नर वनविभागात मोडतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्या उसात राहतो, उसातच विणतो आणि तोडणीच्या वेळी त्याचे बछडे सापडतात. त्यामुळे आपल्या राखणदाराचा प्रतिस्पर्धी चोर नसून बिबट्या आहे, हे धरूनच निवड करावी लागते. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारातील ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांपेक्षा कुत्री कितीतरी जास्त होती. म्हणजे आपण ज्याला राखणदार म्हणून आणतो तोच बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. कोणत्याही जातीचा एकटा कुत्रा पूर्ण वाढलेल्या बिबट्याशी झुंजून टिकत नाही, आणि रॉटवायलर किंवा डॉबरमॅन घेतला म्हणजे बिबट्या घाबरेल ही समजूत चुकीची आहे. उलट जड, ओळखीच्या आवाजालाही अंगावर धावून जाणारा कुत्रा मागे हटत नाही आणि पहिल्याच झटापटीत मरतो.

मग कुत्र्याचा उपयोग काय, तर माणसाला वेळेवर जागे करणे. माझ्याकडे आता चंद्री नावाची गावठी कुत्री आहे, तिचे उदाहरण देतो. रस्त्याने अनोळखी माणूस गेला तर ती फाटकापर्यंत जाऊन भरभर भुंकते. साप दिसला तर एकाच जागी उभी राहून, मान खाली घालून, तुटक तुटक भुंकते आणि पुन्हा पुन्हा मागे सरकते. बिबट्या आसपास असला तर ती भुंकतच नाही. ती ओट्यावर येते, पाठ भिंतीला लावते, मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहतात, आणि घशातून इतका बारीक गुरगुराट येतो की तो कानांपेक्षा हाताला जास्त कळतो. पहिल्यांदा तिने असे केले तेव्हा मी तिला भित्री समजलो होतो. सकाळी ओल्या पाटाच्या कडेला पावलांचे ठसे दिसले. तेव्हापासून ती ओट्यावर आली की आम्ही कोणीही एकटे अंगणात उतरत नाही, गोठ्याचा दिवा लावतो आणि मोठ्याने बोलत सगळे मिळून बाहेर पडतो. हे तिला कोणी शिकवले नाही. बिबट्याच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जगून वाचलेल्या गावठी कुत्र्यांच्या रक्तातच हा शहाणपणा उतरलेला असतो, आणि आपल्या वस्तीसाठी मी गावठी कुत्री सुचवतो त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. बाकीची कारणे साधी आहेत: पंधरा ते वीस किलोंचे अंग, थोडके खाणे, उन्हाळा सोसण्याची ताकद आणि कमी आजार.

रात्री कुत्र्याला साखळीने अंगणात बांधून ठेवणे म्हणजे बिबट्यापुढे ताट वाढून ठेवण्यासारखे आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि ओट्यावरही येता येत नाही. गोठ्याला लागून साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा पिंजरा करावा, त्याला खाली कोबा, सर्व बाजूंनी आणि वरूनही जाड जाळी, आणि बाहेरून घट्ट बसणारी कडी असावी. पिंजऱ्याचे तोंड उसाकडे ठेवावे. अंधार पडला की कुत्री त्यात गेली पाहिजेत. राखणीचे काम त्यांचे कान आणि नाक करतात, त्यासाठी त्यांनी मोकळे असण्याची गरज नसते. शेळ्यांच्या गोठ्यालाही अशीच वरून जाळी हवी. मेलेली कोंबडी किंवा व्यालेल्या जनावराची वार उकिरड्यावर टाकू नये, खोल पुरावी. उकिरड्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागोमाग बिबट्या येतो. मेंढपाळ धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण लांडगा आणि बिबट्या दोघेही गळा धरतात. माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्या कुत्र्याला तो पट्टा खरोखर वाचवतो. आपल्याकडे मुले कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळणार असल्याने दिवसा तो घालू नये.

धनगरी कुत्र्याचा विचार मनात आला असेल, तर तो वाईट नाही. फलटण, माण, सांगोला भागांतून चराईसाठी उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे फिरत्या मुक्कामी कळपांबरोबर, जी भरदार, केसाळ, जड डोक्याची कुत्री असतात ती मेंढरांत जन्मतात, मेंढरांतच वाढतात आणि कळप हेच आपले घर मानतात. पण त्यांचे मोल कळपापाशी आहे. सहा शेळ्या आणि दोन मुलांच्या घरात असा कुत्रा पाहुण्यांना आणि दूधवाल्याला जुमानणार नाही, आणि त्याला आवरण्याचा अनुभव घरात नसेल तर तो वर्षभरात साखळीला जातो.

रॉटवायलरविषयी फार लिहीत नाही. हे अंगाने जड, उन्हाला न टिकणारे आणि अनुभवी हाताखालीच शोभणारे कुत्रे आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर निर्बंध घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले होते त्यांत रॉटवायलर होता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. पण कुत्रा कोणाला चावला तर जबाबदारी मालकाचीच राहते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव प्राण्याबाबतचा निष्काळजीपणा हा गुन्हा आहे, आणि हे गावठी कुत्र्यालाही तितकेच लागू आहे.

पारख करताना पिल्लापेक्षा आईकडे जास्त वेळ पाहावे. ज्या वस्तीवरून पिल्लू घ्यायचे आहे तिथे दोनदा जावे, एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागणीच्या वेळी. आपण अनोळखी माणूस म्हणून फाटकाशी उभे राहिलो की आईने भुंकले पाहिजे, आणि मालकाने एक शब्द टाकला की शांत होऊन अंतर ठेवून बसले पाहिजे. मालकाने सांगूनही जी थांबत नाही, किंवा जी शेपूट पोटात घालून गोठ्यामागे पळते आणि पाठ वळली की पिंढरी धरायला येते, अशा कुत्रीचे पिल्लू घेऊ नये. ती कोंबड्यांच्या मधून चालते कशी, वासरू जवळ आले तर काय करते, घरातले मूल तिच्या ताटलीजवळून गेले तर मान वर करते की गुरगुरते, हे नुसते बसून पाहिले तरी अर्ध्या तासात पुष्कळ कळते.

पिल्ले सहा-सात आठवड्यांची असतील तेव्हा त्यांच्यापासून चार पावलांवर एक स्टीलचे ताट खाली पडू द्यावे. सगळी पिल्ले दचकतील, ते स्वाभाविक आहे. दचकून मागे गेलेले पण थोड्याच वेळात ताटापाशी येऊन त्याचा वास घेणारे पिल्लू राखणीचे असते. जे न दचकता सर्वांच्या आधी ताटावर धावून जाते ते घरात मुले असलेल्यांनी सोडून द्यावे, आणि जे आईखालून बाहेरच येत नाही तेही घेऊ नये. मग पिल्लाला उताणे करून मांडीवर अलगद धरावे. थोडी धडपड करून ते सैल पडले तर उत्तम.

जुन्या समजुतींपैकी काहींचा उल्लेख करणे भाग आहे, कारण त्यांच्यापायी पिल्लांचे हाल होतात. शेपटीला धरून उचलल्यावर न ओरडणारे पिल्लू धीट निघते असे मानतात; त्यातून फक्त पिल्लाच्या मणक्याला इजा होते. कान कापल्याने कुत्रा तापट होतो किंवा त्याला जास्त ऐकू येते, हेही खरे नाही. कापलेल्या कानाची जखम चिघळून त्यात अळ्या पडलेली पिल्ले मी दर पावसाळ्यात पाहतो, आणि ही कृती प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्ह्यात येते. विसनखी कुत्रा जास्त शूर असतो या समजुतीचेही तसेच आहे. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. मागेही पाचवे नख असले की वीस होतात. तो जन्मजात फरक आहे, शौर्याशी त्याचा संबंध नाही. उलट ते सैल नख काटेरी तारेत अडकून फाटते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या ज्या गोष्टी निर्धास्तपणे पाहते त्या त्याला जन्मभर आपल्या वाटतात. म्हणून आल्यापासून पहिला महिनाभर त्याला रोज थोडा वेळ गाईंच्या गव्हाणीजवळ, शेळ्यांमध्ये आणि कोंबड्यांपाशी आपल्या देखरेखीखाली बसवावे, ट्रॅक्टर आणि मोटारचा आवाज दुरून ऐकवावा. कोंबडीमागे ते पहिल्यांदा धावेल तेव्हाच ठाम आवाजात थांबवून उचलून घ्यावे. ‘पिल्लू आहे, खेळते आहे’ म्हणून हसून सोडले की सातव्या-आठव्या महिन्यात तेच पिल्लू कोंबडी मारते, आणि एकदा ती गोडी लागली की सोडवणे फार कठीण असते. या वयात चुका होणारच. दीड-दोन वर्षांपर्यंत कोणत्याही कुत्र्याला पूर्ण राखणदार समजू नये.

दोन सख्खी भावंडे एकदम आणू नयेत. ती एकमेकांतच रमतात, माणसाचे ऐकत नाहीत आणि मोठी झाल्यावर बऱ्याचदा आपसांत भांडतात. मोठी कुत्री आधी तयार असेल तर पुढचे पिल्लू निम्मे काम तिच्याकडूनच शिकते. तीन किंवा अधिक कुत्री झाली की त्यांची टोळी होते आणि एकट्याने कधी बांध न ओलांडणारी कुत्री टोळीने शेजाऱ्याच्या शेळीमागे जाऊ लागतात. म्हणून दोन पुरेत, आणि दोघांचीही नसबंदी करून घ्यावी. मादीची सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान, नराची वर्ष झाल्यावर. नसबंदीने कुत्रा राखण सोडतो ही भीती निराधार आहे. माजावर आलेल्या मादीमागे तीन गावांचे नर आपल्या अंगणात जमतात आणि माजाच्या वासाने आपला नर चार दिवस घरी येत नाही, खरी राखण त्या दिवसांत सुटते.

लसींच्या बाबतीत कसलीही सवलत घेऊ नये. पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी, शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या आसपास पडली पाहिजे. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर, दुसरी एका महिन्याने आणि नंतर दरवर्षी. डिस्टेंपर हा फक्त कुत्र्यांपुरता आजार नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत मेले, तेव्हा त्यांच्यात याच आजाराचा विषाणू सापडला होता; आपल्या रानात बिबट्या, कोल्हा आणि लांडगा आहेत, म्हणून आपल्या कुत्र्याची लस त्यांच्यासाठीही आहे. घरातल्या मुलांना एवढे पक्के सांगून ठेवावे की कोणत्याही कुत्र्याचा, आपल्यासुद्धा, दात किंवा नख लागले तर लपवायचे नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. शेळी-मेंढीचे कच्चे आतडे, फुप्फुस किंवा यकृत कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक लहान फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. नुसती भाकरी आणि ताक यांवर वाढलेले पिल्लू पायांनी वाकते. भाकरीच्या कुस्कऱ्यात शिजवलेली डाळ, अंडे, उकडलेली सुकट किंवा कोंबडीचे उकडलेले पाय असे काहीतरी रोज हवे; पायांची हाडे मात्र काढून टाकावीत. गोचिडांसाठी गाईला आणलेले औषध अंदाजाने कुत्र्याला टोचू नये किंवा चोळू नये. मात्रा चुकली की कुत्रा थरथरत पडतो, आणि असा कुत्रा दवाखान्यात पोहोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

राहता राहिला तो देऊ केलेला नऊ महिन्यांचा कारवानी. तो नाकारताना त्याच्या मालकाला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. त्याला माळाची मोकळी जागा आणि रोज सकाळी सोबत धावणारे किंवा सायकल चालवणारे कोणी असेल अशाच घरी द्यावे. आणि त्याची नसबंदी किंवा दुसरी कोणती शस्त्रक्रिया असेल तर भूल देण्याआधी डॉक्टरांना तो कारवानी असल्याचे सांगावे, कारण या सडपातळ जातींच्या अंगात थायोपेंटोनसारखी भुलीची औषधे फार वेळ रेंगाळतात आणि कुत्रा शुद्धीवर यायला नको तितका वेळ लागतो.

आपले पिल्लू आणायला सकाळी जावे, म्हणजे त्याला नवी जागा उजेडात पाहायला मिळते. जाताना एक जुने पोते बरोबर न्यावे, ते आईच्या अंगाखाली घटकाभर राहू द्यावे आणि त्याच पोत्यावर पिल्लाला घरी आणावे. पहिल्या तीन-चार रात्री पिंजऱ्यात एकटे ठेवू नये; दाराच्या आतल्या बाजूला, तेच पोते अंथरून, घरातल्या मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर झोपवावे. रडले तर हात ठेवावा, पण उचलून अंथरुणात घेऊ नये. पाचव्या दिवसापासून दिवसा थोडा थोडा वेळ त्याला पोत्यासह पिंजऱ्यात बसवावे, खाणे तिथेच द्यावे, आणि ते आपणहून आत जाऊन झोपू लागले की मगच रात्रीची कडी लावावी.